तोंड बघून पाळी

बॉयलरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी काठोकाठ भरलेलं असलं काय, नि थेंबभरही नसलं काय, काच दिसायला एकच. अर्धी भरलेली असली की मधे पाण्याची रेघ दिसते. ती हलते, डुलते, खालीवर होते. पण रेघच दिसेनाशी झाली तर ती वर गेली की खाली गेली, हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. मग काच मारावी लागते. म्हणजे खालची तोटी उघडून काच रिकामी करायची, तोटी बंद करायची आणि पाणी पुन्हा चढतंय का ते बघत उभं राहायचं. चढलं तर पाणी आहे. नाही चढलं, तर देवाचं नाव नंतर घ्यावं, आधी आग तोडावी.

वैजयंता शेटेला हे शिकवलं दस्तगीरचाचांनी. साखर कारखान्याच्या तीन नंबरच्या बॉयलरवर ती बॉयलर अटेंडंट म्हणून रुजू झाली, त्या पहिल्या सकाळी. दुसरी गोष्टही त्याच सकाळी शिकवली.

"रजिस्टर मागनं बघ. पयलं माणसाचं तोंड बघ," चाचा म्हणाले. "आठ तास आगीपुढं हुबारलेला माणूस 'समदं बराबर हाय' असंच म्हणतोय. खोटं न्हाई बोलत. त्याला तसंच वाटतंय. तू त्याच्या डोळ्याखाली बघ. खांदं बघ. बोलता बोलता वाक्य तुटतंय का बघ. तोंड उतरलेलं असंल, तर त्यानं केलं म्हणून सांगितलेली दर एक गोष्ट परत सोता कर. तोंड ताजं असंल, तर सही कर आणि च्या पी."

तोंड बघून पाळी घ्यायची. कुठल्याही नियमाच्या पुस्तकात हे नव्हतं. पण तीन नंबरवर बावीस हंगामांत साधं बोटसुद्धा कुणाचं भाजलं नव्हतं.

मग २०४३चा हंगाम आला आणि त्याच्याबरोबर 'अशीण' आली.

आली त्याला कारण होतं. आदल्या हंगामात मारुती जंगम बारा ते आठची पाळी संपवून मोटारसायकलवर घरी निघाला आणि लख्ख उन्हात, सरळ रस्त्यावर, समोरच्या उसाच्या ट्रॉलीखाली गेला. ब्रेक मारल्याची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती. झोपेतच गेला. त्याच्या बायकोचा आक्रोश ज्यांनी ऐकला होता, ती सगळी माणसं कँटीनमध्ये बसली होती. म्हणून कारखान्याच्या डॉक्टर गार्गी कानिटकर हातात 'अशीण'च्या पिवळ्या गोळ्यांची पट्टी घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुणी हसलं नाही.

"तुम्ही जागे असता तेव्हा मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं," डॉक्टर म्हणाल्या. "भट्टीत राख साठते तसं. झोप म्हणजे ती राख काढणं. चहा-कॉफी राख काढत नाही, नुसती झाकून ठेवते. आता अशीण दोन कामं करते. एक, ही राख निम्मीशिम्मी काढून टाकते. दुसरं, मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला खोल एक घडी असते, इन्सुला. अंगाच्या सगळ्या बातम्या तिथे येतात. भूक, धाप, ठणका, जडपणा. त्यातली शिणाची तेवढी बातमी ही गोळी थांबवते. असर चोवीस तास."

"बाई," मागून दस्तगीरचाचा उठले, "शीण ही बिमारी हाय व्हय?"

"मधुमेहाला गोळी घेता ना, चाचा? मग शिणाला का नको?"

"मधुमेह बिमारी हाय. शीण म्हंजी निरोप हाय. अंग सांगतंय, आता घरला चल."

डॉक्टर आवाज न चढवता म्हणाल्या, "निरोप आला म्हणून पहाटे चारला बॉयलर सोडून घरी जाता येतं तुम्हाला? मारुतीलाही निरोप आलाच असेल. ऐकून त्यानं काय करायचं होतं?"

चाचा खाली बसले.

वैजयंतानं गोळी घेतली. घरात नऊ महिन्यांची जुळी, रेवा आणि राघू. नवरा अवधूत पंपांच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान मित्रावर सोडून पोरांसाठी घरी बसलेला. अशा बाईनं गोळी घ्यायची नाही तर कुणी? आणि खोटं कशाला बोला, पहिले दोन महिने सोन्यासारखे गेले. पाळी करून आली तरी अंग पिसासारखं. धुणं धुवावं, भाकऱ्या थापाव्या, वर अंगणात जुळ्यांना घेऊन नाचावं. तिची आई शेतात भांगलताना, तण काढताना एक ओवी म्हणायची, ती वैजयंता पोरांना झोपवताना गुणगुणायची:

शीण गं आला शीण, त्याला बसाया द्यावा पाट
घरच्या माणसाची, त्यानं दावली मला वाट

गुणगुणायची, पण शब्दांकडे तिचं लक्ष नसायचं. शिणाला पाटावर बसवायला आता तो येत होता कुठे?

तिसऱ्या महिन्यात कारखान्यानं दर बॉयलरमागचा चौथा माणूस काढून घेतला. पूर्वी तीन पाळ्यांना चार माणसं असायची. एक सुट्टीवर, तिघं कामावर. कुणी दमला की चौथा यायचा. आता दमणारच कोण? गेटवर जिभेला एक पट्टी लावायची, लाळेत गोळीचा अंश सापडला की पट्टी हिरवी व्हायची आणि गेट उघडायचं. पट्टी लाल, तर त्याला बॉयलर बंद, यार्डात जा, उसाच्या मोळ्या मोजा. एकटे दस्तगीरचाचा यार्डात गेले. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. "मोळ्या तर मोळ्या," म्हणाले.

पण फेब्रुवारीत माणूस कमी पडला. चीफ इंजिनिअरनी चाचांना बोलावून घेतलं, तासभर दार लावून बोलले. चाचा बाहेर आले ते गोळी घेऊनच. कॉलनीच्या रस्त्यावर वैजयंता भेटली तेव्हा म्हणाले, "पोरी, आगीपुढनं रिटायर व्हायचंय मला. मोळ्यांच्या ढिगावरनं न्हाई."

ती म्हणाली, "बरं केलंत." चाचांच्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. पाहायची सवयच सुटली होती.

ती सुटल्याचं तिला कळलं एका सकाळी, घरी.

आठच्या पाळीला निघायची तयारी चालली होती. अवधूत दारात उभा होता, एका खांद्यावर रेवा, दुसऱ्यावर राघू.

"वैजू, जरा माझ्याकडे बघ."

"बघितलं. काय?"

"काय दिसतंय?"

"काय दिसायचंय? दाढी वाढलीय. कर की आज."

तो हसला. हसता हसता त्याचा आवाज मधेच चिरकला. "दात येताहेत दोघांना. तीन रात्री पाठ टेकली नाही मी. काल राघूला बादलीतल्या पाण्यात बसवला आणि तिथंच उभ्या उभ्या डुलकी लागली मला. किती वेळ, माहीत नाही. तो खेळत होता म्हणून बरं. मला वाटलं, तू आल्या आल्या ओळखशील. पूर्वी नुसतं 'हॅलो' ऐकून फोनवर ओळखायचीस."

वैजयंता नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे होते, त्यांच्याखाली काळं होतं, ओठ सुकले होते. सगळं दिसत होतं, पण त्याचा मिळून काही अर्थ लागत नव्हता. लहानपणी शिकलेली एखादी लिपी कालांतरानं समोर यावी, अक्षरं ओळखीची वाटावीत आणि वाचता मात्र एकही येऊ नये, तसं.

तिनं रेवाला त्याच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतलं.

"मला एक गोळी दे," अवधूत म्हणाला. "आजच्या दिवस. बादलीची भीती वाटतीय मला."

गोळी दुसऱ्याला देणं म्हणजे बॉयलरवर काम करायचा पास जाणं. आठवड्याची पट्टी, सात गोळ्या, प्रत्येकीवर तिचा नंबर. तिला नवऱ्याचा शीण जाणवला नव्हता, पण त्याचा शब्द ऐकू आला होता. तिनं आजची गोळी पट्टीतून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"आणि तू?"

"कालच्या गोळीचा अंश दीड दिवस लाळेत राहतो. पट्टी हिरवीच येईल."

हिरवीच आली. गेट उघडलं.

बॉयलरच्या मजल्यापर्यंत लोखंडी जिन्याच्या चौसष्ट पायऱ्या. गेले तीन महिने ती त्या वाऱ्यासारखी चढत होती. आज विसाव्या पायरीला मांड्या भरून आल्या, चाळिसाव्याला कठडा धरावा लागला. तीन महिन्यांचा शीण, दाराबाहेर ताटकळत ठेवलेल्या पाहुण्यांसारखा, एकदम आत शिरला. पाठ, पोटऱ्या, पापण्या, जिथे मिळेल तिथे जागा धरून बसला. साठाव्या पायरीवर तिला रडू आलं. अवधूतचे सुकलेले ओठ डोळ्यांपुढे आले आणि आता, इतक्या उशिरा, ते वाचता आले.

वर दस्तगीरचाचा उभे होते. रिलीव्हर आला नाही म्हणून त्यांनी सलग दोन पाळ्या केल्या होत्या, सोळा तास.

"आलीस व्हय, वैजू!" आवाज खणखणीत. "समदं बराबर हाय. प्रेशर बराबर, पाणी पन्नास टक्के, काच आत्ताच मारली. कर सही."

वैजयंतानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तोंड बघून पाळी घ्यायला ती उभी होती.

तोंड ताजं होतं. एकोणसाठ वर्षांच्या माणसाचं, सोळा तासांच्या आगीनंतरचं तोंड, आणि त्यावर सुरकुतीपुरताही शीण नाही. पण मग ताजेपणा तरी कुठे होता? ताज्या माणसाच्या डोळ्यांत हालचाल असते. इथे रेघच नव्हती. वर गेली होती की खाली, कळायला मार्ग नव्हता.

"चाचा, रात्री डब्यात काय होतं?"

"हां?"

"डब्यात. चाचीनं काय दिलं होतं?"

चाचा हसले. "समदं बराबर हाय. प्रेशर बराबर, पाणी पन्नास टक्के, काच आत्ताच मारली. कर सही."

तोच सूर, तीच लय, शब्दाला शब्द.

तिनं कंट्रोलच्या पडद्याकडे पाहिलं. पाण्याची पातळी पन्नास टक्के. तिनं मनात दहा आकडे मोजले. पन्नास. आणखी दहा मोजले. पन्नास. चालत्या बॉयलरचं पाणी असं कधी राहत नाही. ते श्वास घेतं, एकोणपन्नास, एक्कावन्न, अठ्ठेचाळीस. पन्नासावर खिळलेलं पाणी म्हणजे मोजणारी नळी तुंबलेली. पडदा मघाचं पाणी आत्ताचं म्हणून दाखवत होता.

"मी काच बघून येते."

"आगं, मारलीय म्हनतोय न्हवं! ऱ्हा, मी बी येतो."

चाचा तिच्यापुढे पोरासारखे शिडी चढून गेले. ती मागून, एकेका पायाला समजावत. खाली भट्टीत बगॅस, उसाचं वाळलेलं चिपाड, धडधडत होतं. त्याच्याही खाली गाळप खात्यात ऐंशी माणसं कामावर चढली होती. कुणी कुणाला हाक मारत होतं, कुणी हसत होतं.

काचेत रेघ नव्हती.

"भरलीय की काठोकाठ," चाचा म्हणाले.

वैजयंतानं खालची तोटी उघडली. वाफ फुसकारली. तोटी बंद केली आणि ती बघत राहिली. एक. दोन. तीन. चार.

काचेत काहीच चढलं नाही.

"पाणी नाही, चाचा."

"नसंल तर दिऊ की!" चाचा वळले. त्यांचा हात पाण्याच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या चाकावर पडला. "हे बग, बंदच ऱ्हायलाय. पंप बदलताना बंद केला हुता. उघडला हुता की मी! उघडतो, थांब—"

"पाणी नको!"

ती त्यांच्या मनगटावर अक्षरशः पडली. कोरड्या, लालबुंद नळ्यांवर गार पाणी पडलं की त्याची एका क्षणात वाफ होते, आणि ती वाफ बॉयलर फोडूनच बाहेर येते. बॉयलरवाल्याला आपलं नाव विसरता येईल, पण हे नाही.

"चाचा, सुक्या बॉयलरला पाणी द्यायचं नाही! तुम्हीच शिकवलंय मला!"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. राग नाही, भीती नाही. नुसती स्वच्छ, निवांत नजर.

"कधी?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या हातात अजून सोळा तासांपूर्वीची ताकद होती, तिच्या हातात काहीच नव्हतं. तिनं एक पाय कठड्यात अडकवला, सगळं अंग त्या मनगटावर टाकलं आणि मोकळा हात लांबवून कठड्यावरच्या, आग तोडायच्या लाल बटणावर मूठ मारली. बगॅस तुटला. पंखे मंदावले. भट्टीची धडधड उतरत गेली, आणि सबंध कारखान्यावर कधी न ऐकलेली शांतता पसरली. त्या शांततेत चाचांचा हात चाकावरून सुटला.

"आरं तिच्या," ते हळूच म्हणाले. "सुक्याला पाणी देत व्हतो मी?"

दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले होते. डॉक्टर कानिटकरांनी चाचांच्या कपाळाला तारा लावून पडद्यावर मेंदूचं चित्र काढलं. चित्रात ठिकठिकाणी निळे ठिपके उमटत होते, विझत होते.

"हे निळं म्हणजे झोप," त्या म्हणाल्या. "माणूस जागा आहे, बोलतोय, चालतोय, पण मेंदूचा एकेक तुकडा पाच-दहा सेकंदं झोपून घेतोय. व्हॉल्व्ह उघडायचा होता तेव्हा तो आठवणारा तुकडा झोपला होता. उरलेल्या तुकड्यांनी आठवण बनवून दिली. गोळीनं शीण थांबला. झोप थांबली नाही."

"आणि मला घरच्या माणसाचं तोंड का वाचता येत नव्हतं?" वैजयंतानं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दुसऱ्याचा शीण आपण आपल्याच अंगानं वाचतो. तीच घडी, तीच जागा. स्वतःची बातमी थांबवली की…" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "अभ्यासात हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही प्रत्येकाला 'तुम्हाला कसं वाटतंय' एवढंच विचारलं."

चाचा म्हणाले, "वैजू, मला लाज वाटाया पायजे का न्हाई? ऐंशी माणसं हुती खाली. आणि मला कसं वाटतंय सांगू? ताजंतवानं वाटतंय गं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड मात्र तसंच, पुसून ठेवल्यासारखं.

डॉक्टरांनी अपघाताच्या अहवालाचा छापील कागद तिच्यापुढे सरकवला. पहिलाच प्रश्न होता: आजची मात्रा घेतली होती का?

"सवयीनं काच मारली, असं लिही," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "ते खोटंही नाही. तुझी पट्टी हिरवी आहे, कुणी विचारणार नाही. गोळी नवऱ्याला दिलीस असं लिहिलंस तर पास जाईल. घरात दोन लेकरं आहेत तुझ्या."

वैजयंतानं पेन उचललं. हात इतका जड होता की पेनाचंही वजन कळत होतं. सवयीनं असं लिहिलं, तर उद्या गेटवर तीच पट्टी, वर तोच ताजा माणूस, तीच सही. नळी साफ करतील, सेन्सर नवा बसवतील. आणि पुढच्या वेळी काचेजवळ उभी राहील ती आजची दमलेली बाई नसेल.

तिनं लिहिलं: आज मात्रा घेतली नव्हती. घरी दिली. म्हणून दमले होते. दमले होते म्हणून समोरच्या माणसाच्या तोंडावर रेघ नाही हे दिसलं. उपाय: चौथा माणूस.

डॉक्टरांनी वाचलं. "चौथा माणूस माझ्या हातात नाही गं. माझ्या हातात गोळीच आहे."

"तर मग तुम्हीपण लिहा तसं. खाली जागा आहे."

पास टेबलावर ठेवून ती उठली. दारातून वळून पाहिलं तेव्हा डॉक्टर कागदाच्या खालच्या कोऱ्या जागेकडे बघत बसल्या होत्या. पेनाचं टोपण उघडलेलं होतं.

घराच्या कोपऱ्यावरूनच रडणं ऐकू आलं. दोघांचं, एका सुरात.

अवधूत बैठकीत होता. दाढी गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा शर्ट, घर आरशासारखं लख्ख. मधोमध बसून तो दोन्ही हातांनी खुळखुळे वाजवत होता, आणि समोर रेवा-राघू लालबुंद होऊन टाहो फोडत होते, मुठींनी डोळे चोळत होते.

"बरं झालं लवकर आलीस! सकाळपासून खेळवतोय. खाऊ घातलं, लंगोट बदलले, अंगणात फिरवलं. मला दमायलाच होत नाहीये, वैजू! पण हे का रडतात, तेच कळत नाही."

"झोप आलीय त्यांना."

"झोप?" अवधूतनं पोरांकडे निरखून पाहिलं. "कशावरून?"

तिनं जमिनीवर चटई टाकली, दोघांना दोन बाजूंना घेतलं आणि आडवी झाली. आईची ओवी ओठावर आली. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत राघूची मूठ सैल पडली, दुसरीत रेवाचा श्वास लांबला. वैजयंताच्या पापण्या मिटायला लागल्या.

अवधूत उशाशी येऊन बसला. तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग परक्या गावात रस्ता विचारावा तसं त्यानं विचारलं, "वैजू… दमलीयस का तू?"

"हो."

"मला दिसत नाहीये गं."

तिनं न बघताच त्याचा हात शोधून काढला आणि आपल्या गालाखाली घेतला.

"असू दे," ती म्हणाली. "उद्या दिसेल."